बिनवासाची सफाई

सोडामावशी हे नाव पडायच्या आधी बावीस वर्षं त्या नुसत्याच मावशी होत्या. चार मजल्यांची इमारत, बहात्तर पायऱ्या, जिन्याच्या प्रत्येक वळणावर एक धूळखाऊ खिडकी आणि मजल्यागणिक एक टॉयलेट, एवढं त्यांचं राज्य. तळमजल्यावर झेरॉक्सचं दुकान, पहिल्यावर दातांचा दवाखाना, दुसऱ्यावर शिवणाचा क्लास आणि तिसऱ्यावर विमा एजंटांचं ऑफिस. शिवणवाल्या चिंध्या टाकतात, विमावाले कागद टाकतात आणि झेरॉक्सवाला दोन्ही टाकतो, पण वर म्हणतो की वारा आला. दवाखाना तेवढा सभ्य. तिथे माणसं तोंड धरूनच येतात, त्यामुळे घाण करायला हात मोकळे नसतात.

मावशींचं सफाईचं शास्त्र दोन वाक्यांत मावत असे. पहिलं, वास आला तर सफाई झाली. दुसरं, दोन चांगल्या गोष्टी एकत्र केल्या की दुप्पट चांगलं होतं. हे दुसरं वाक्य त्या आयुष्यभर सगळीकडे लावत आल्या होत्या. डोकं दुखलं की दोन वेगवेगळे बाम, अर्ध्या अर्ध्या कपाळाला. भाजीत हिंग कमी पडला की मोहरीही जास्त. आणि टॉयलेटमध्ये ॲसिड टाकायचं म्हटल्यावर त्यावर मूठभर ब्लीचिंग पावडर, म्हणजे जोर दुप्पट. मग दार लावून घ्यायचं आणि घासायला बसायचं. आत जी वाफ उठे तिने डोळ्यांतून धारा लागत. मावशींना त्याचं समाधान वाटे. आपली ही गत, तर जंतूंचे डोळे केवढे, त्यांचं काय होत असेल, असा त्यांचा हिशेब.

जंतूंचं काय झालं ते कोणी पाहिलं नाही. मावशींना मात्र खोकला लागला. आधी सकाळचा, मग सकाळ-संध्याकाळचा. पुढे पुढे तिसऱ्या मजल्यावर त्या खोकल्या की झेरॉक्सवाल्याला खाली कळत असे, की आता मावशी विम्यापर्यंत पोचल्या, म्हणजे अकरा वाजले.

शेवटी नवऱ्याने त्यांना ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. नवरा बसचा निवृत्त कंडक्टर. घरीदारी सगळे त्याला कंडक्टरच म्हणतात. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी दारात कोणी उभं राहिलं की तो "आत सरका" म्हणतो. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, हातांवरच्या भेगा पाहिल्या आणि विचारलं, "कामाला काय काय वापरता?"

मावशींनी मोठ्या हौसेने सगळं सांगितलं. मिश्रणाचं प्रमाणही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"हे तुम्ही किती वर्षं करताय?"

"बावीस," मावशी म्हणाल्या. आवाजात अभिमान होता.

"त्या दोन्हींचा मिळून विषारी वायू होतो, मावशी. तुम्ही दार लावून तो ओढत बसलात. आता दोनच रस्ते आहेत. त्या बाटल्या सोडा, नाहीतर ते काम सोडा."

घरी येताना कंडक्टरने समजुतीच्या सुरात सांगितलं, "झालं की आता. बस घरी. आपण दोघं निवांत राहू."

घर दोन खोल्यांचं. अर्ध्या तासात झाडून पुसून होतं. राहिलेले साडेतेवीस तास या माणसाबरोबर निवांत राहायचं, ही कल्पना मावशींना खोकल्यापेक्षा जड गेली. बहात्तर पायऱ्यांवर त्यांना सगळे ओळखत होते. शिवणाच्या मुली त्यांना विचारल्याशिवाय लग्नाला होकार देत नसत. घरात त्यांना फक्त कंडक्टर विचारणार होता, तेही चहाचं. तेव्हा काम सोडायचं नाही, हे तिथल्या तिथे ठरलं. राहिल्या बाटल्या.

इथे सुनेचा प्रवेश होतो. सून शाळेत सातवीला विज्ञान शिकवते. घरात ती विज्ञान शिकवत नाही, कारण घरात सासू आहे. पण त्या संध्याकाळी सासूनेच विचारलं, "काय गं, घाण काढायला बाजारचं विकत आणलंच पाहिजे असं असतं का?"

सुनेने चार वर्षं या प्रश्नाची वाट पाहिली असावी. तिने हातातली कोथिंबीर खाली ठेवली आणि तासच घेतला. तेलकट मळाला धुण्याचा सोडा आणि गरम पाणी. क्षारांच्या पांढऱ्या थराला काहीतरी आंबट, म्हणजे व्हिनेगर, नाहीतर लिंबू. घासायला खायचा सोडा. काचेला व्हिनेगरचं पाणी आणि जुनं वर्तमानपत्र. फरशीला साधं साबणाचं पाणी. "आणि आई, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ब्लीचिंग पावडरवर व्हिनेगरसुद्धा टाकायचं नाही. तोच वायू होतो."

"त्या पावडरीचं तोंडही बघत नाही आता," मावशी म्हणाल्या, आणि हे खरं निघालं.

दुसऱ्या दिवसापासून घराचा कारखाना झाला. कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून कंडक्टर रोज सकाळी लिंबाच्या आणि संत्र्याच्या साली पिशवी भरून आणू लागला. इतकी वर्षं बस चालू असताना मागे लागून चढणाऱ्यांना तो ओरडत आला होता. आता तो स्वतः रसवाल्याच्या मागे लागून "साली आहेत का, साली" म्हणत उभा राहू लागला. साली बरणीत दाबायच्या, वर व्हिनेगर ओतायचं, झाकण लावून पंधरा दिवस ठेवायचं आणि मग जुन्या साडीच्या तुकड्यातून गाळायचं. गाळायचं काम कंडक्टरकडे. एक थेंब इकडे तिकडे गेला तर मावशी त्याच्याकडे तिकीट न काढलेल्या प्रवाशाकडे बघावं तसं बघत.

हे सगळं सुरळीत चाललं असतं, पण मावशींचं दुसरं वाक्य अजून जिवंत होतं. सोडा चांगला, व्हिनेगर चांगलं. मग दोन्ही एका बाटलीत का नको? सून शाळेत गेल्यावर त्यांनी रिकाम्या बाटलीत अर्धी वाटी खायचा सोडा घातला, वरून व्हिनेगर ओतलं आणि बूच दाबलं. बाटली कंडक्टरच्या हातात होती. बूच छताला लागलं. फेस कंडक्टरच्या बनियनपासून सुरू होऊन भिंतीवरच्या कॅलेंडरपर्यंत गेला.

"बघितलंत, केवढा जोर आहे," मावशी म्हणाल्या.

कंडक्टर भिजलेल्या मिशांनी म्हणाला, "जोर आहे. आता माझ्यापासून लांब धर."

संध्याकाळी सुनेने बाटलीत उरलेलं पाणी पाहिलं. "आई, जोर तो एवढाच होता. फेस म्हणजे दोघांचं भांडण. भांडून दोघं संपले. आता हे मिठाच्या पाण्यासारखं काहीतरी उरलंय. याने काहीच निघणार नाही."

मावशींनी ते पाणी मोरीत ओतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे यांचं आणि थोरल्या दिरांचं झालं तसं."

"तसंच."

त्यानंतर सोडा एका पिशवीत आणि सालींचं पाणी दुसऱ्या पिशवीत, अशी वाटणी झाली. सुनेने बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. कामाच्या ठिकाणी खांद्याला दोन पिशव्या अडकवून मावशी जिना चढू लागल्या आणि झेरॉक्सवाल्याने त्यांना सोडामावशी करून टाकलं.

काम नीट होत होतं. कठड्यावरचा हातांचा चिकटा सोड्याच्या गरम पाण्याने असा निघाला की विमा एजंटांना आपला कठडा पितळी आहे हे प्रथमच कळलं. नळांवरचे पांढरे थर सालींच्या पाण्यात भिजवलेलं फडकं गुंडाळून ठेवल्यावर सुटून आले. टॉयलेटला घासायला जरा जास्त वेळ लागे, पण दार उघडं ठेवून घासता येई आणि डोळे कोरडे राहत. दवाखान्यात आतल्या खोलीतली खुर्ची आणि अवजारं डॉक्टरांचा मदतनीस त्याच्या औषधांनी साफ करतो, तिथे मावशींचा पूर्वीही हात नव्हता. त्यांच्याकडे बाहेरची बसायची खोली, काउंटर आणि बोळ.

आणि नेमकं तिथेच घोडं अडलं.

दाताच्या दवाखान्यात येणारा माणूस घाबरलेला असतो. घाबरलेल्या माणसाला भरवसा लागतो आणि हा भरवसा बावीस वर्षं फिनेलच्या वासातून मिळत आला होता. दार उघडलं की नाकात झिणझिण्या येत, आणि माणूस म्हणे, इथे स्वच्छता आहे, दात गेला तरी हरकत नाही. आता दार उघडल्यावर नाकात काहीच येईना. फरशी आरशासारखी, पण वास नाही. एक निवृत्त मुख्याध्यापिका दारातूनच म्हणाल्या, "आज झाडलेलं दिसत नाही." दुसऱ्याने बाकावर रुमाल पसरून वर बसून घेतलं. तिसरा काउंटरवरच्या मुलीला म्हणाला, "बाई सुटीवर आहेत का?" बाई त्या वेळी त्याच्या पायाशी फरशी पुसत होत्या.

"सुटीवर असते तर तुमचे बूट एवढे दिसले नसते," मावशी खालून म्हणाल्या.

दातांचे डॉक्टर सौम्य माणूस. दिवसभर लोकांच्या तोंडात बोलावं लागत असल्याने बाहेर फार बोलत नाहीत. त्यांनी मावशींना बाजूला घेतलं.

"मावशी, तुमचं काम वाईट नाही. पण पेशंटला वास लागतो हो."

"डॉक्टर, वास म्हणजे काय सफाई आहे का?" असं विचारताना मावशींची जीभ जरा अडखळली, कारण बावीस वर्षं त्या हेच सांगत आल्या होत्या.

"मला माहीत आहे. त्यांना कोण सांगणार?"

सांगायला इमारतीचा मॅनेजर आला. हा मनुष्य किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत बोलतो आणि बोलणं संपलं की जुडगा मुठीत पकडतो. तो म्हणाला, "मावशी, घरगुती प्रयोग घरी करा. तक्रारी यायला लागल्यात. हे लिंबाचं पाणी म्हणजे अगदीच दुबळं, त्याने काय मरतंय? शनिवारपर्यंत बघतो. शनिवारी जुन्या बाटल्या परत आल्या तर ठीक, नाहीतर एजन्सीची माणसं सोमवारपासून येतील. त्यांच्याकडे मशीन आहे." आणि जुडगा पकडला.

जुन्या बाटल्या म्हणजे खोकला, आणि डॉक्टरीणबाईंनी त्याच्या पुढचंही काही सांगितलं होतं. एजन्सी म्हणजे दोन खोल्या आणि कंडक्टर. मावशींना दोन्ही नको होतं. घरी कंडक्टरने तोडगा काढला, "असं कर. जुनं फिनेल दारात एक टोपणभर शिंपड. वास वासाच्या जागी, सफाई सफाईच्या जागी."

हे मावशींना पटलंही असतं. पण आजवर त्यांनी कामात फसवाफसवी केली नव्हती आणि आता खोटा वास लावायचा म्हणजे म्हातारपणी टोप घालण्यासारखं वाटलं. शिवाय "दुबळं" हा शब्द त्यांना लागला होता. पंधरा दिवस मुरवलेल्या, साडीतून गाळलेल्या पाण्याला दुबळं म्हणणाऱ्याला त्याचा जोर दाखवलाच पाहिजे, असं त्यांनी मनाशी घेतलं.

जोर दाखवायला जागाही सापडली. दवाखान्याच्या काउंटरवर पांढऱ्या संगमरवराची लादी आहे. डॉक्टरांच्या वडिलांच्या वेळची, गुळगुळीत, दिव्याचं बिंब दाखवणारी. तिच्या मधोमध कपाच्या बुडाएवढं चहाचं तपकिरी वर्तुळ होतं. मावशींनी ते बावीस वर्षांत नाना तऱ्हेने घासून पाहिलं होतं, पण ते हटलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी दवाखाना बंद असताना त्यांनी सालींच्या पाण्यात फडकं चिंब भिजवलं, घडी करून त्या वर्तुळावर ठेवलं, वरून आणखी पाणी ओतलं आणि जिना पुसायला गेल्या. पाव तासाने परत येऊन फडकं उचललं.

वर्तुळ गेलं होतं. त्याच्याबरोबर चकाकीही गेली होती. तळहाताएवढा तुकडा खडूसारखा निस्तेज झाला होता. बोट फिरवलं तर खरखर लागलं. मावशींनी कोरड्या फडक्याने पुसलं, मग ओल्या, मग पदराने. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं बोटाखाली लागत होतं. त्यांनी कोपऱ्यातली मासिकांची चळत उचलून त्या जागेवर ठेवली आणि घरी गेल्या.

"दगडाने आंबट खाल्लं तर त्याला काय होतं गं?" त्यांनी सुनेला विचारलं, अगदी सहज विचारल्यासारखं.

सुनेच्या हातातली वही खाली आली. "कुठला दगड?"

"असाच. पांढरा."

"आई, संगमरवर? आंबट त्याला खातं. चुनखडीच आहे ती. मी नळांचं सांगितलं होतं, लादीचं नव्हतं."

"तू नको म्हणालेली नव्हतीस," मावशी म्हणाल्या, पण त्यात दम नव्हता.

कंडक्टर म्हणाला, "मासिकं ठेवलीस ना? मग राहू दे. दवाखान्यातली मासिकं कोणी हलवत नाही. मी वाचलेलं मासिक तिथे सहा वर्षांनी परत वाचलंय."

सल्ला व्यवहारी होता. शनिवारचा दिवस निघून गेला असता, कदाचित वर्षही. पण मावशींच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. सोमवारी एजन्सीचा माणूस येणार, मासिकं उचलणार आणि तो डाग बघून म्हणणार, आधीच्या बाईने हे केलं. ते त्याने सांगायच्या आधी आपण सांगितलेलं बरं. जायचंच आहे तर आपल्या तोंडाने सांगून जावं.

शनिवारी सकाळी मॅनेजर जुडगा फिरवत दवाखान्यात आला तेव्हा चार पेशंट बाकावर होते आणि डॉक्टर काउंटरपाशी उभे राहून कोणाचा तरी एक्स-रे बघत होते.

"मावशी, काय ठरलं? बाटल्या आणल्या?"

"नाही आणल्या," मावशी म्हणाल्या. "त्याआधी एक दाखवायचंय." त्यांनी मासिकांची चळत उचलून खाली ठेवली. "हे मी केलं. चहाचा डाग काढायला गेले आणि लादीच खराब झाली. डॉक्टर, तुमच्या वडिलांची लादी. माझी चूक आहे."

मॅनेजरचा जुडगा न बोलताच मुठीत गेला. त्याला एवढं आयतं मिळेल असं वाटलं नव्हतं. "बघा डॉक्टर. म्हणून मी म्हणत होतो."

डॉक्टरांनी एक्स-रे खाली ठेवला. निस्तेज तुकड्यावरून अंगठा फिरवला, मग चष्मा काढून वाकून पाहिलं. दातात बघतात तसं.

"काय ठेवलं होतं?"

"लिंबाच्या साली मुरवलेलं व्हिनेगर."

"किती वेळ?"

"पाव तास. फार तर वीस मिनिटं."

"वीस मिनिटांत एवढं?" डॉक्टर सरळ उभे राहिले आणि त्यांनी बाकाकडे पाहिलं. तिथे एक गोल, प्रसन्न गृहस्थ बसले होते. वजन उतरवायला ते दिवसातून चार वेळा लिंबाचं पाणी पीत, आणि दात का शिवशिवतात ते विचारायला तिसऱ्यांदा आले होते. "काका, जरा इकडे या. इथे बोट फिरवा. आता इथे फिरवा. फरक लागतो?"

"लागतो की. खरखरीत आहे."

"तुमच्या दातांचं हेच होतंय. मी दोन महिने सांगतोय, तुम्हाला पटत नाही. हा दगड आहे, वीस मिनिटांत गेला. तुम्ही किती वर्षं पिताय?"

गृहस्थांचं बोट लादीवरच राहिलं. बाकावरचे बाकीचे तिघे उठून आले. प्रत्येकाने बोट फिरवलं आणि नंतर जिभेने आपापले दात चाचपले. शेवटच्या बाईंनी मावशींकडे जरा आदराने पाहिलं. "हे तुम्ही फरशीला वापरता?"

"फरशीला साबण. हे नळांना," मावशी म्हणाल्या.

"जबरदस्त आहे हो."

डॉक्टर मॅनेजरकडे वळले. "दगड खाणाऱ्या पाण्याला तुम्ही दुबळं म्हणत होतात ना?"

मॅनेजर म्हणाला, "पण तक्रारी... वास..."

"वासाचं मी बघतो. मावशी त्यांचंच सामान वापरतील. कुठल्या बाटलीत काय आहे ते मला लिहून द्यायचं आणि संगमरवराला साध्या साबणाखेरीज काही लावायचं नाही. चालेल मावशी?"

"चालेल," मावशी म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "आणि ही लादी? माणूस आणून पॉलिश करून घेऊ?"

"हात लावू नका. मला ती रोज लागणार आहे."

एजन्सीची माणसं सोमवारी आली नाहीत. मावशी मात्र पूर्ण खूश नव्हत्या. बावीस वर्षांत ज्या हजार जागा चकचकीत केल्या त्या कोणी बोट लावून पाहिल्या नाहीत, आणि जी एक बिघडवली तिच्यापुढे आता लोक रांग लावत होते. सकाळी पुसून झालं की त्या गुपचूप त्या तुकड्यावर मासिकांची चळत ठेवत. दहा वाजता काउंटरवरची मुलगी ती उचलून बाजूला ठेवी. यावरून दोघींचं रोज थोडं वाजतं.

वासाची तक्रार अजूनही अधूनमधून येते. परवा एक नवा पेशंट दारात थबकला, दोनदा नाक ओढलं आणि म्हणाला, "इथे कसला वासच येत नाही."

मावशी फरशी पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "दात दाखवायला आलात ना? मग नाकाचं काय घेऊन बसलात. पाय उचला."

त्याने पाय उचलले. मावशींनी खालची फरशी पुसली, दोन्ही पिशव्या खांद्याला लावल्या आणि शिवणाच्या क्लासकडे जिना चढायला लागल्या. झेरॉक्सवाल्याला हल्ली अकरा कधी वाजले ते कळत नाही. त्याने भिंतीवर घड्याळ लावून घेतलं आहे.